पुराच्या फोटोत दडलेली नक्षी : ‘ओपनस्टेगो’ एक पावसाळा वापरल्यानंतर

नाशिकच्या सराफ बाजारात आमचे चांदीच्या वस्तूंचे छोटे दुकान आहे. तबके, निरांजने, पूजेची ताटे आणि गणपतीच्या दिवसांत मागणी असलेली लहान मखरे यांवरची नक्षी आम्ही घरीच काढतो, पण तिचे ठसे कापण्याचे काम कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीच्या एका अनुभवी कारागिराकडे असते. नक्षीचा कागद स्कॅन करून हुपरीला पाठवायचा, त्यांनी त्यावर खुणा करून परत पाठवायचा, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर ठसा कापायला घ्यायचा, अशी ही पद्धत आहे. या फेऱ्यांत ती नक्षी किती फोनांमधून आणि किती ग्रुपांमधून जाते, याचा विचार आम्ही बरीच वर्षे केलाच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी केळीच्या पानाच्या शिरांवरून बेतलेले एक तबक आम्ही चार महिने खपून तयार केले, आणि आमचा पहिला नग उजळून येण्यापूर्वीच जवळजवळ तसेच तबक दुसऱ्या एका दुकानाच्या काचेत मांडलेले दिसले. चित्र कोणत्या टप्प्यावर बाहेर गेले हे शेवटपर्यंत समजले नाही, त्यामुळे कुणावर ठपका ठेवण्याचा प्रश्न नाही. नुकसान मात्र विक्रीपुरते नव्हते. आपल्याकडच्या २००० सालच्या डिझाइन कायद्याप्रमाणे नक्षीची नोंदणी केली, तर तिचे हक्क आधी १० वर्षे आणि वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षे आपल्याकडे राहतात. पण त्यासाठी ती नक्षी नवी असावी लागते, आणि अर्ज करण्यापूर्वी ती लोकांसमोर आलेली नसावी लागते. म्हणजे नोंदणीच्या आधीचे काही आठवडे हाच सगळ्यांत नाजूक काळ, आणि नेमक्या त्याच काळात आमची चित्रे सर्वांत जास्त प्रवास करतात.

यावर उपाय शोधताना भाच्याने ‘ओपनस्टेगो’ हे सॉफ्टवेअर सुचवले. तो इंजिनिअरिंगला आहे. एका साध्या फोटोच्या पोटात दुसरे चित्र अशा रीतीने लपवायचे की बघणाऱ्याला पहिला फोटोच दिसावा, हे त्याचे काम. या विद्येला स्टेगॅनोग्राफी म्हणतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मी ते नेमाने वापरले, त्याच्या जोडीला ‘स्टेगहाइड’ हे जुने साधनही तपासले, आणि आमच्यासारख्या छोट्या व्यावसायिकांना त्याचा खरोखर कितपत उपयोग होतो, हे इथे सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न साहजिकच असा की कुलूपबंद फाइल पाठवण्याची सोय असताना लपवायचे कशासाठी. सेव्हन-झिपसारख्या साधनाने एईएस-२५६ पद्धतीने फाइल कूटबद्ध करता येते, आणि पासवर्ड चांगला असेल तर ती फोडणे कुणाच्या आवाक्यातले नसते. केवळ सुरक्षितता हवी असणाऱ्याने तेवढेच करावे, असे माझे आजही मत आहे. आमची अडचण वेगळी होती. कारखान्यातला फोन चार जणांच्या हाताळणीत असतो, आणि त्यात कुलूप लावलेली फाइल आली की ‘नाशिकहून नवीन काहीतरी आले आहे’ ही बातमी फाइल न उघडताच पसरते. मग कुणीतरी सहज विचारतो, कुणीतरी सहज सांगतो. कुलूप आतली वस्तू राखते, पण घरात वस्तू आहे हे दारावर लिहून ठेवते. आम्हाला दोन्ही हवे होते : आत कुलूप, आणि बाहेर कुणाला दार आहे असे वाटूच नये.

‘ओपनस्टेगो’ मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा अंतर्भाग कुणालाही पाहता येतो, आणि ते मोफत मिळते. ते संगणकावर चालते आणि त्यासाठी ‘जावा’ हे पूरक सॉफ्टवेअर लागते. आमच्या दुकानातल्या सहा वर्षे जुन्या विंडोज संगणकावर ते विनातक्रार चालले. पडदा अगदी साधा आहे. लपवायची फाइल कोणती, ती कोणत्या फोटोत लपवायची, तयार होणाऱ्या फोटोचे नाव काय, आणि पासवर्ड काय, एवढेच ते विचारते. एईएस-१२८ किंवा एईएस-२५६ यांपैकी एक निवडले की लपवण्याआधी फाइल कूटबद्धही होते. काढण्याच्या बाजूला फोटो, जागा आणि पासवर्ड एवढे तीनच रकाने आहेत. सगळा मजकूर इंग्रजीत आहे, आणि हुपरीच्या कारागिरांना, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, तेवढ्यापुरती त्यांच्या मुलीची मदत घ्यावी लागली. ती बारावीत आहे आणि कारखान्याचा हिशेब तीच संगणकावर ठेवते. तिला फोनवरून समजावून सांगायला मला वीस मिनिटे लागली.

आत काय घडते ते समजून घेतल्याशिवाय या साधनावर भरवसा ठेवणे मला पटेना, म्हणून भाच्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. डिजिटल फोटोतला प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी लिहिलेला असतो, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ या दरम्यान असतो. समजा एका ठिपक्यातला लाल रंग २०० आहे. संगणकाच्या भाषेत तो ११००१००० असा लिहिला जातो. यातला सर्वांत शेवटचा अंक सर्वांत हलका. तो शून्याचा एक केला तर आकडा ११००१००१, म्हणजे २०१ होतो. दोनशेचा लाल आणि दोनशे एकचा लाल यांतला फरक कोणत्याही माणसाच्या डोळ्याला कळत नाही. हा शेवटचा अंक आपल्या गुपिताचा, बाकीचे सात अंक फोटोचे. ‘ओपनस्टेगो’ हे अंक ओळीने भरत जात नाही, तर फोटोभर विखरून भरते, त्यामुळे कोणत्याही एका कोपऱ्यात बदलाची गर्दी होत नाही.

जागा किती मिळते हा हिशेब मी स्वतः करून पाहिला. ४००० गुणिले ३००० पिक्सेलच्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके, प्रत्येकात तीन रंग, म्हणजे ३ कोटी ६० लाख हलके अंक. आठ-आठ अंकांचा एक बाइट धरला तर ४५ लाख बाइट, म्हणजे सुमारे साडेचार एमबी. आमच्या नक्षीचे काळे-पांढरे स्कॅन नीट आटवले तर ३०० केबीत बसते. म्हणजे उपलब्ध जागेच्या पंधराव्या हिश्शाहूनही जास्त ती घेत नाही.

जागा आहे म्हणून ती सगळी भरू नये, हे मी इथे आवर्जून सांगतो. आंद्रेयास वेस्टफेल्ड आणि आंद्रेयास फिट्झमान यांनी १९९९ मध्येच दाखवून दिले की, हलके अंक पूर्ण भरले की २०० आणि २०१ अशा शेजारच्या जोडीतल्या दोन्ही आकड्यांची संख्या फोटोत जवळजवळ समान होत जाते. नैसर्गिक फोटोत ती तशी नसते, आणि साध्या संख्याशास्त्रीय कसोटीने हा लेप पकडता येतो. जितके कमी भरावे आणि जितके विखरून भरावे, तितके ते पकडणे अवघड होते. तरीही तज्ज्ञ मंडळी मनावर घेतील तर आमचा फोटो त्यांच्यापासून लपून राहील असे मी समजत नाही. आमचा प्रतिस्पर्धी फार तर शेजारच्या गल्लीतला आहे, प्रयोगशाळा नाही. ज्याचा प्रतिस्पर्धी याहून मोठा असेल, त्याने या साधनावर विसंबू नये.

आता मुख्य गोष्ट, वरचा, म्हणजे नक्षी पोटात घेणारा, फोटो कोणता घ्यावा. सुरुवातीला मी दुकानाच्या जाहिरातीचे चित्र घेतले, आणि ती चूक होती. सपाट रंगाची पार्श्वभूमी, अक्षरे, स्कॅन केलेले कागद, निरभ्र आकाश यांत एकसारखे आकडे शेजारी शेजारी असतात, आणि त्यांत एकेक आकडा वर-खाली झाला की मोठा करून पाहणाऱ्याला दाणे दिसू शकतात. इंटरनेटवरून उतरवलेला फोटो तर मुळीच घेऊ नये, कारण मूळ फोटो ज्याच्या हाती लागेल त्याला दोन्ही शेजारी ठेवून फरक काढता येतो. फोटो स्वतः काढलेला हवा, नवा हवा, कुठेही टाकलेला नसावा, त्यात भरपूर बारकावे असावेत, आणि काम झाल्यावर त्याची मूळ प्रत पुसून टाकावी. फोनमध्ये ठिकाणाची नोंद होत असेल तर तीही आधी बंद करावी.

या सगळ्या अटींवर उतरणारा विषय नाशिककरांना पावसाळ्यात आयताच मिळतो. गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदाघाटावर लोक दुतोंड्या मारुती पाहायला जमतात; पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, यावरून पूर किती चढला हे अख्खे गाव मोजते, आणि त्या दिवशी प्रत्येकाच्या फोनमधून हाच फोटो नातेवाइकांना जातो. गढूळ, फेसाळलेले, भोवऱ्यांनी भरलेले पाणी म्हणजे आकड्यांचा नुसता कल्लोळ. त्यात तीनशे केबीची नक्षी मिसळली तर शेजारी मूळ फोटो ठेवूनही मला स्वतःला फरक दाखवता आला नाही. आणि असा फोटो नाशिकहून हुपरीला गेला तर त्यात विशेष ते काय? तिकडून पंचगंगेच्या पुराचे फोटो आमच्याकडे वर्षानुवर्षे येतच आहेत. फोटो कसा आहे याइतकेच, तो त्या दोन माणसांमध्ये जाणे स्वाभाविक आहे का, हे महत्त्वाचे आहे. एरवी कधीही सूर्यास्त न पाठवणाऱ्या माणसाने अचानक रोज सूर्यास्त पाठवायला सुरुवात केली तर कुणाच्याही मनात पाल चुकचुकेल.

जुलैमध्ये पहिला खरा प्रयोग केला आणि तो फसला. फोटो तयार केला, इथल्या इथे उघडून नक्षी बाहेर येते याची खात्री केली, आणि नेहमीच्या चॅट ॲपवर मामांना पाठवला. संध्याकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. “काका, मारुती दिसतोय, पण आत काहीच सापडत नाही म्हणतंय. पासवर्ड परत सांगता का?” पासवर्ड बरोबरच होता. तिच्याकडे पोहोचलेला फोटो मागवून तपासला तेव्हा कारण कळले. ॲपने तो वाटेत लहान केला होता आणि नव्याने जेपीईजी स्वरूपात दाबून बसवला होता. जेपीईजी फोटोचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनातले रंगांचे चढउतार लहरींच्या रूपात मोजते आणि डोळ्याला न जाणवणारे बारकावे कापून टाकते. डोळ्याला न जाणवणारे म्हणजे नेमके आमचे गुपित. फोटो सुखरूप पोहोचला होता, पण त्याच्या पोटातले सगळे धुऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला. या वेळी खबरदारी म्हणून दोन्हीकडच्या फाइलचा एसएचए-२५६ पद्धतीचा डिजिटल ठसा (फाइलमध्ये जरा बदल झाला तरी पूर्ण बदलणारी अक्षरांची ओळ) काढून फोनवर पहिली आणि शेवटची आठ-आठ अक्षरे वाचून जुळवली. जुळली, आणि नक्षी रेषेनिशी बाहेर आली. तेव्हापासून हा आमचा नेम झाला आहे. ईमेलला जोडूनही फाइल जशीच्या तशी पोहोचते.

इथेच ‘ओपनस्टेगो’ची मला वाटणारी सर्वांत मोठी उणीव पुढे येते. आपण त्याला फोनचा जेपीईजी फोटो दिला तरी तयार होणारा फोटो पीएनजी स्वरूपात निघतो, आणि ते अपरिहार्य आहे, कारण हलके अंक जपायचे तर काहीही न कापणारे स्वरूप लागते. पण माझा चार एमबीचा फोटो त्यामुळे वीस एमबीच्या आसपास गेला. फोनचा कॅमेरा सहसा पीएनजी काढत नाही, आणि पुराचा फोटो डॉक्युमेंट म्हणून कुणी पाठवत नाही. सर्वसामान्य माणसाला हे लक्षात येणार नाही, पण जाणकाराच्या नजरेला या दोन गोष्टीच पुरेशा आहेत. मी यावर अर्धा उपाय असा काढला की, वरचा फोटो आधीच १६०० पिक्सेल रुंदीचा करून घ्यायचा. मग पीएनजी चार-पाच एमबीच्या आत राहते. जागा घटून साधारण सातशे केबी उरते, म्हणून नक्षीचे स्कॅन आणखी आटवून दीडशे केबीच्या आत आणावे लागते.

‘स्टेगहाइड’ हे दुसरे साधन या बाबतीत सरस आहे. ते जेपीईजीतच लपवते आणि जेपीईजीच बाहेर देते. आकडे नुसते बदलण्याऐवजी शक्य तिथे फोटोतल्याच दोन आकड्यांची अदलाबदल करून ते गुपित बसवते, त्यामुळे कोणता आकडा किती वेळा येतो याचा एकूण हिशेब फारसा बिघडत नाही. ही कल्पना मला फारच आवडली. आधी कूटबद्ध करण्याची सोय त्यातही आहे. मात्र जागा बरीच कमी मिळते. माझ्या चार एमबीच्या फोटोत ती दोनशे केबीच्या आसपास भरली. पीएनजी त्याला चालत नाही आणि काम आज्ञा टंकून करावे लागते. शिवाय त्याची ०.५.१ ही आवृत्ती २००३ ची आहे, आणि इतक्या वर्षांत त्याच्यावर हल्ला करणारी साधने पुढे गेली आहेत. अंक विखरण्यासाठी ते जे बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, वापरते ते फक्त ३२ बिटांचे आहे, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. त्या सगळ्या तपासून फोटोत काही लपवले आहे की नाही हे पासवर्डशिवायही ओळखता येते, ही त्रुटी २०२१ मध्ये अधिकृतपणे नोंदली गेली. ‘स्टेगसीक’ नावाचे साधन तर फुटलेल्या पासवर्डांची १ कोटी ४० लाखांहून मोठी यादी त्याच्यावर दोन सेकंदांच्या आत आजमावून पाहते.

ही शेवटची गोष्ट वाचल्यावर मी आमचे सगळे पासवर्ड बदलले. दुकानाचे नाव आणि साल, मुलांची नावे, देवांची नावे, गाडीचा नंबर, यांतले काहीही अशा यादीपुढे टिकत नाही. साधन कोणतेही असो, आम्ही आता एकमेकांशी संबंध नसलेले सहा मराठी शब्द रोमन लिपीत जोडून पासवर्ड करतो. शब्द स्वतःच्या मनाने निवडत नाही, कारण मन ओळखीचेच शब्द निवडते. एका जुन्या शब्दकोशाची पाने डोळे मिटून उघडतो. पासवर्ड फोनवर बोलून सांगतो, ज्या ॲपवर फोटो जातो त्यावर कधीही लिहीत नाही. सॉफ्टवेअरचा सगळा अंतर्भाग जगासमोर उघडा असताना ते सुरक्षित कसे, असे थोरल्या बंधूंनी विचारले होते. डच भाषातज्ज्ञ ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लिहून ठेवले आहे की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी अडू नये, गुपित तेवढे किल्लीत असावे. आमची किल्ली ते सहा शब्द.

‘ओपनस्टेगो’त फोटोवर अदृश्य मालकीखूण उमटवण्याचीही सोय आहे. तिच्यावर अजून ‘बीटा’, म्हणजे चाचणीतली, असा शिक्का आहे, आणि मी तिच्यावर व्यवसाय सोपवलेला नाही. पण या निमित्ताने एक फरक स्पष्ट होतो. नाशिकरोडच्या छापखान्यातून निघणाऱ्या नोटांमध्ये जलचिन्ह असते, नोट डोळ्यांच्या पातळीवर तिरपी धरली की दिसणारा सुप्त आकडा असतो. ते लपवलेले असले तरी शोधणाऱ्याला सापडावे, आणि नोट कितीही हाताळली तरी टिकावे, अशीच त्यांची घडण असते. फोटोतली मालकीखूणही तशीच, दाबल्या-कापल्यानंतरही टिकली पाहिजे. आमच्या नक्षीचे नेमके उलटे आहे. ती कुणाला सापडता कामा नये, मग वाटेत नाजूक राहिली तरी चालेल. दोन्ही कामे एकाच खिडकीत शेजारी शेजारी दिसतात म्हणून ती एकच समजण्याची चूक होऊ नये.

नक्षी हुपरीला सुरक्षित पोहोचू लागल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला. नोंदणी होईपर्यंत मूळ संच कुणाच्या ताब्यात ठेवायचा? दुकान माझे, थोरल्या बंधूंचे आणि भाच्याचे मिळून आहे. एकाकडेच पासवर्ड असला आणि तो आजारी पडला तर काम थांबते. तिघांकडेही असला तर गळतीच्या जागा तीन होतात. यावर आदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेली गुपिताच्या वाटणीची रीत आम्हाला चपखल बसली. दोन बिंदू दिले तर त्यांतून एकच सरळ रेषा काढता येते, पण एकाच बिंदूतून हव्या तितक्या रेषा जातात. गुपित म्हणजे ती रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो आकडा. तिघांना तीन बिंदू द्यायचे. कोणतेही दोघे एकत्र आले की रेषा मिळते, एकट्याला मात्र काहीच कळत नाही, अगदी अंदाजसुद्धा बांधता येत नाही. भाच्याने ‘एसएसएसएस’ नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रॅमने आमचा पासवर्ड असा तीन चिठ्ठ्यांत वाटला. तो प्रोग्रॅम चित्र वाटत नाही, १२८ अक्षरांपर्यंतचा मजकूर वाटतो, आणि आम्हाला तेवढे पुरते. चित्र कूटबद्ध होऊन फोटोत राहते, तिघांकडे ठेवलेला फोटो एकच असतो, आणि उघडायला दोन चिठ्ठ्या लागतात.

चित्रच वाटण्याच्या पद्धतीही आहेत. मोनी नाओर आणि शमीर यांनी १९९४ मध्ये मांडलेली दृश्य कूटपद्धत आम्ही हौसेने करून पाहिली, आणि तो तासभर माझ्या कायम लक्षात राहील. भाच्याने नक्षीतल्या एका कोयरीचे दोन तुकडे करून दिले, कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात ते दोन पारदर्शक कागदांवर छापून घेतले. वेगवेगळे पाहिले तर दोन्हींवर नुसती काळी-पांढरी रांगोळी सांडलेली. खिडकीच्या काचेवर एकावर एक ठेवून हळूहळू सरकवत गेलो, आणि एका क्षणी त्या रांगोळीतून कोयरी वर आली. केसभर सरकले की पुन्हा नाहीशी. संगणक लागत नाही, पासवर्ड लागत नाही, डोळाच सगळे वाचतो. पण मूळचा पांढरा भाग त्यात निम्मा काळा होतो, बारीक रेषा विरून जातात, आणि ठसा कापण्यासाठी लागणारा नेमकेपणा राहत नाही. ची-चिंग थिएन आणि जा-चेन लिन यांच्या २००२ च्या पद्धतीत प्रत्येक वाटा मूळ चित्रापेक्षा लहान होतो, हे मोलाचे आहे. मात्र तिच्या मूळ रूपात २५० च्या वरचे उजळ आकडे २५० वर आणले जातात. काळ्या-पांढऱ्या रेखाटनाला त्याने बिघडत नाही, पण घासून-उजळून लख्ख केलेल्या चांदीच्या फोटोत सगळी शान त्या शेवटच्या पाच आकड्यांत असते, आणि ती अशी छाटली जावी हे सराफाला रुचण्यासारखे नाही.

या सगळ्याने न सुटणारी एक बाजू राहतेच. नक्षी फोटोतून बाहेर काढल्यावर ती मामांच्या संगणकावर उघडी असते, आणि ठसा कापताना तिचा छापील कागद त्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीला लावलेला असावाच लागतो. कापणाऱ्याला रेषा दिसलीच पाहिजे. तिथे सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. आम्ही इतकेच ठरवले की, छापून झाले की काढलेली फाइल पुसायची, कागदावर कोपऱ्यात नग क्रमांक हाताने लिहायचा, आणि ठशाबरोबर तो कागद नाशिकला परत यायचा. मामांनी हे मनापासून पाळले आहे. पहिल्याच खेपेला त्यांनी कागद घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीत घालून पाठवला.

ज्याला फोनवरच सगळे करायचे आहे, त्याच्या कामाचे हे साधन नाही, कारण ‘ओपनस्टेगो’ला संगणक लागतो. ज्याची फाइल मोठी आहे, उदाहरणार्थ वस्तूंचे रंगीत फोटो किंवा व्हिडिओ, त्यालाही ते पुरणार नाही. मराठी पडदा असता तर हुपरीची पहिली वीस मिनिटे पाचवर आली असती. पण एका वेळी एक-दोन रेखाटने, ओळखीच्या दोन-तीन माणसांमध्ये, नोंदणीपूर्वीच्या काही आठवड्यांसाठी गुपचूप फिरवायची असतील, तर ते जे सांगते ते चोख करते. यंदाच्या पाच नक्ष्या आम्ही याच मार्गाने पाठवल्या. पाचही ठसे होऊन आले आणि त्यांचे नोंदणीचे अर्ज वेळेत गेले.

नक्षी नीट उघडली की तसे कळवायचे, पण ‘नक्षी मिळाली’ असे लिहायचे नाही, असे मामांच्या मुलीशी ठरले होते. ऑगस्टमध्ये मखराच्या महिरपीची शेवटची नक्षी पाठवली तेव्हा दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी होते आणि घाटावरच्या टपऱ्या हलवण्याची धावपळ चालली होती. रात्री साडेनऊच्या सुमारास हुपरीहून दोन शब्दांचा निरोप आला : “पूर ओसरला.”